सुमनअक्काची खोली

‘सैराट’ मी नांदेडला पाहिला. तेव्हा नोकरीमुळं तिथं होतो, घर लातूरला. माझ्या मागच्या रांगेत देगलूरकडची चार-पाच पोरं बसली होती. मध्यंतरापर्यंत त्यांनी शिट्ट्या मारल्या, गाण्यांना खुर्चीवर उभं राहून नाचली. मध्यंतरानंतर गावातून पळालेली अर्ची आणि परश्या हैदराबादला पोचली, भोवतीची माणसं तेलुगू बोलायला लागली आणि थिएटर गप्प झालं. ही पोरं मात्र गप्प बसली नाहीत. पडद्यावर कोण काय म्हणायलंय ते एकमेकांना सांगत होती. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात तेलुगू बाजारात असते, सोयरिकीत असते, भांडणात तर असतेच. अर्चीला जे कळत नव्हतं ते त्यांना कळत होतं. तेव्हापासून मला वाटत आलंय की त्या सिनेमाचा उत्तरार्ध पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांनी एक पाहिला आणि आमच्याकडच्या लोकांनी दुसराच.

29 एप्रिल 2016 ला तो सिनेमा लागला. त्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दुष्काळी लातूरला पोचली होती. पाणी गावात येत होतं आणि माणसं गावाबाहेर पडत होती. ‘सैराट’वर पुढं भरपूर लिहिलं गेलं; बरंचसं शेवटच्या काही मिनिटांवर, आणि ते योग्यच होतं. पण माझ्या डोक्यात बसली ती सुमनअक्का. छाया कदम यांनी केलेली. झोपडपट्टीत राहणारी, पदरी एक लेकरू, डोशाची गाडी चालवणारी बाई. रात्री गुंडांच्या तावडीत सापडलेल्या या दोन पोरांना ती सोडवते, तिच्याकडची रिकामी झोपडी राहायला देते. परश्या तिच्या गाडीवर डोसे करायला लागतो. अर्चीला बाटल्यांच्या कारखान्यात काम मिळतं, तेही तिच्याच ओळखीनं. तिथं पूजा नावाची सोबतीण तिला तेलुगू शिकवते. एका पाटलाच्या लेकीनं आणि एका पारध्याच्या लेकानं गावाबाहेर जे काही उभं केलं, त्याचा पाया हा एवढाच: एक खोली, एक गाडी, एक सोबतीण.

जगभरच्या सिनेमात या गोष्टीचा एक ठरलेला साचा आहे. एकटं पडलेलं माणूस असतं. त्याच्या दारात परमुलखातलं कुणी येतं. आधी संशय, मग एखादं वाद्य किंवा एखादा पदार्थ, मग मैत्री. टॉम मॅकार्थी यांचा 2007 सालचा ‘द व्हिजिटर’ हा या साच्यातला चांगल्यात चांगला नमुना म्हणावा लागेल. वॉल्टर हा विधुर प्राध्यापक कनेटिकटहून न्यूयॉर्कच्या आपल्या फ्लॅटवर येतो, तर तिथं सीरियाचा तारेक आणि सेनेगलची झैनब राहताहेत. कुणीतरी फसवून फ्लॅट त्यांना भाड्यानं दिलाय. वॉल्टर त्यांना हाकलत नाही. तारेक त्याला जेंबे वाजवायला शिकवतो. अनेक वर्षांत पहिल्यांदा या माणसाचे हात कशाला तरी लागतात. पुढं तारेक पकडला जातो, कोठडीत राहतो आणि त्याला देशाबाहेर काढलं जातं. वॉल्टर न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या फलाटावर एकटाच बसून जोरजोरात जेंबे बडवतो, आणि सिनेमा संपतो.

मला हा सिनेमा आवडतो. रिचर्ड जेंकिन्स यांनी त्यात चेहऱ्यावर जवळजवळ काही न आणता जे केलंय ते विसरता येत नाही. पण दरवेळी पाहताना एक खडा लागतोच. गोष्टीच्या शेवटी बरा कोण झाला? ज्याच्या नावावर फ्लॅट होता तो. ज्याच्याजवळ कागद नव्हता तो गेला. एकाचा प्रश्न एकटेपणाचा, दुसऱ्याचा प्रश्न कागदाचा, आणि सिनेमात पहिल्याच्याच अडचणीला उत्तर सापडलं. परका माणूस यजमानाच्या मनावर औषध म्हणून येतो आणि औषधाची बाटली रिकामी झाली की जातो.

आपल्याकडं सचिन कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’ (2018) याच साच्याला उलटा फिरवतो. लंडनची नोकरी सोडून मुलगा पुण्यात येतो, डबे करून देणाऱ्या एका एकट्या, तुटक बाईकडं स्वयंपाक शिकतो. दोघं एकमेकांना माणसात आणतात. गोड सिनेमा आहे, सोनाली कुलकर्णींची राधा तर फार खरी. पण तिथंही दोघांच्या डोक्यावर छप्पर आहे. मुलगा मनात आणलं तर परत जाऊ शकतो. परतीचं तिकीट खिशात असणाऱ्याचं एकटेपण आणि नसणाऱ्याचं एकटेपण या वेगळ्या जाती आहेत. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’तल्या चिन्मयकडं बघा: वडील गेलेले, आईची कोकणात बदली, पोरगं अकरा वर्षांचं. त्याला ना यायचा निर्णय घेता आला ना जायचा. सरकारी नोकराच्या लेकराचं स्थलांतर कोणत्याच मोजणीत येत नाही, पण ज्यांच्या शाळा चार वेळा बदलल्या त्यांना विचारा.

सुमनअक्का मला वेगळी वाटते ती इथं. तिच्याकडं जास्तीचं म्हणून त्या एका झोपडीपलीकडं काही नाही. वॉल्टरकडं मोकळा फ्लॅट होता आणि मोकळा वेळ होता. हिच्याकडं ती पत्र्याची झोपडी आणि उद्याचं पीठ भिजवायचं राहिलेलं. तिला परश्या-अर्चीकडून एकटेपणावर औषध नकोय. ती ज्या खड्ड्यात आधी पडून सावरली त्याच खड्ड्यात दोन पोरं पडताहेत हे तिला दिसलं, इतकंच. परक्या गावात हात देणारा माणूस बहुतेक वेळा असाच असतो. आमच्या भागातून बाहेर पडलेल्या कुणालाही विचारा, पहिली खोली कुणी दिली? पहिलं काम कुणी दाखवलं? उत्तरात सहसा आधी आलेला एखादा बिगारी असतो, खानावळवाली बाई असते, रात्रपाळीचा वॉचमन असतो. गावात नाव असलेला माणूस त्या उत्तरात फार क्वचित येतो.

म्हणून अशा सिनेमांच्या जाहिरातीत हटकून येणारा ‘अनपेक्षित मैत्री’ हा शब्द मला खटकतो. कुणाला अनपेक्षित? बिगाऱ्याला नाही, त्यानं ती मैत्री गृहीत धरलेली असते, नाहीतर तो घरून निघालाच नसता. अनपेक्षित वाटते ती प्रेक्षागृहात बसलेल्या आपल्याला, कारण आपण तशी मैत्री करत नाही. आपण जे करायला हवं होतं ते कुणी गरिबानं केलं की आपण त्याला चमत्कार म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. चमत्काराची जबाबदारी कुणावरच नसते, ही त्यातली सोय.

आणि नांदेड-लातूरच्या माणसानं तर हैदराबादेतल्या मैत्रीला अनपेक्षित म्हणणं म्हणजे इतिहास विसरणं आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हे सगळं निजामाचं हैदराबाद होतं आणि त्यानंतरही एकच राज्य राहिलं. मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे लोक आणि दरबारची उर्दू. 1 नोव्हेंबर 1956 ला त्याचे तीन तुकडे झाले. त्याआधी उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके बीदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादमध्ये होतं ते नांदेडात आलं, मुधोळ नांदेडात होतं ते तिकडं गेलं. कुणी घर सोडलं नाही, अंगणातली चूलसुद्धा हलली नाही, पण एका सकाळी कुणाची सासुरवाडी परराज्यात गेली आणि कुणाचं माहेर. कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर शिकायला हैदराबादला गेले होते आणि पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. त्या काळात ते ‘बाहेर’ जाणं नव्हतंच. ज्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं 1994 मध्ये नांदेडला विद्यापीठ उभं राहिलं, ते मूळचे व्यंकटेश खेडगीकर, जन्म सिंदगीचा, म्हणजे विजापूरकडच्या कानडी मुलखातला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आलेला हा परगावचा मास्तर. त्याला मराठवाड्यानं नेता केलं, मुक्तिसंग्रामाची सूत्रं दिली. आज एखाद्या गावच्या शाळेत परजिल्ह्यातला मास्तर आला तर त्याची बदली कधी होते याकडंच आधी गावाचं लक्ष असतं.

आणखी एक गंमत सांगतो, गंमत म्हणावी की नाही ते तुम्ही ठरवा. 2017 साली मुंबई-लातूर एक्स्प्रेस आठवड्यातल्या काही दिवसांसाठी बीदरपर्यंत वाढवली, तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले. आमच्या जागा बीदरवाले घेणार, ही तक्रार. तक्रार खोटी नव्हती. त्या गाडीत होळी-दिवाळीला कशी लोंबकळत जातात माणसं ते मी अनुभवलंय. पण ज्या बीदर जिल्ह्यात आमचे तीन तालुके 1956 पर्यंत नांदले, त्या बीदरचा माणूस बर्थवर बसला की परका झाला. कमी पडणाऱ्या वस्तूभोवती माणसं जमली की शेजारी आधी परका होतो आणि मग शत्रू. पाण्याच्या टँकरपाशीही हेच होतं आणि सरकारी दवाखान्यातल्या खाटेपाशीही.

आम्ही फक्त बाहेर जाणारे नाही, ही गोष्ट आमच्याकडं कुणी लक्षात घेत नाही. लातूर आणि नांदेड ही दोन्ही शहरं यजमानही आहेत. राजर्षी शाहू कॉलेज, दयानंद कॉलेज आणि त्यांच्यामागून वाढलेल्या क्लासेसनी ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द घरोघर नेला. आता दर जूनमध्ये मराठवाड्याच्या आणि त्याबाहेरच्याही गावांतून सोळा-सतरा वर्षांची लेकरं इथं उतरतात. बसस्टँडवर तो प्रसंग बघण्यासारखा असतो. बापाच्या खांद्यावर गादीची वळकटी, लेकराच्या हातात बादली, बादलीत मग आणि साबण, पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी. उद्योग भवनाच्या परिसरात दिवसभर खोल्या बघत हिंडायचं. संध्याकाळी बाप शेवटच्या गाडीनं परत. त्या रात्री लेकरू आयुष्यात पहिल्यांदा एकटं झोपतं. सकाळी टेस्ट असते.

या लेकरांच्या एकटेपणाला आमच्याकडं नाव नाही. मार्कांना आहे. कुठल्या क्लासचे किती लागले याचे फलक चौकाचौकात लागतात, ज्यांचे लागले नाहीत ती लेकरं फलकावर नसतात आणि घरच्यांच्या फोनवरही ‘बरं आहे’च्या पलीकडं बोलत नाहीत. त्यांच्याशी बोलतं कोण? माझ्या पाहण्यात तरी डबा देणारी मावशी. ती स्वतः कुठल्या तरी गावाहून आलेली असते; नवरा गेलेला, रान विकलेलं किंवा मुळातच नसलेलं. चाळीस डब्यांत कुठला डबा न उघडता परत आला हे तिला समजतं. वर्गातल्या हजेरीपटाला जे कळत नाही ते डब्याला कळतं. ती विचारते, ‘का रं लेकरा, जेवला नाहीस?’ आणि लेकरू रडतं. सुमनअक्का काय हैदराबादलाच राहते होय?

आता माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे सगळं दुसऱ्यांकडं बोट दाखवणं होईल. आमच्या लातूरच्या घरावर एक खोली आहे, मुलांना भाड्यानं देतो. काही वर्षांपूर्वी मुखेडकडचा एक बाप लेकाला घेऊन आला. मुलगा गप्प, डोळे हुशार. बाप नम्र, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. मी गाव विचारलं, त्यांनी सांगितलं. आडनाव विचारलं, त्यांनी सांगितलं. त्या आडनावावरून काही कळत नव्हतं. मग मी विचारलं, ‘गावात घर कुणीकडं तुमचं?’

ज्यांना या प्रश्नाचा अर्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या खेड्यात दिशेला जात असते. घर वेशीच्या आत की बाहेर, ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं, यावरून उरलेलं सगळं कळतं. तो प्रश्न विचारताना मी जात विचारत नव्हतो असं मी स्वतःला तेव्हा पटवलं होतं. त्या बापानं मात्र क्षणभर माझ्याकडं पाहिलं, दिशा सांगितली, वळकटी उचलली आणि म्हणाला, ‘जरा दुसरीकडं बी बघतो साहेब.’ मी त्यांना नको म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच येऊ दिली नाही त्यांनी. पुढं मला कळलं, त्या मुलाला आमच्याच गल्लीच्या टोकाला डबेवाल्या मावशीनं तिच्या घरात जागा दिली. तिच्याकडं दोनच खोल्या होत्या. माझ्या घराला पाच आहेत आणि वरची वेगळी.

त्या सुमारास मी ‘सैराट’वर चार ठिकाणी बोललो होतो. लोकांनी वाहवा केली होती.

सिनेमा पाहून डोळे ओले होणं आणि खोली देणं यांच्यामध्ये काय असतं, याचा विचार मी तेव्हापासून करतोय. मला वाटतं, ओले डोळे ही एक प्रकारची पावती असते. आपण माणुसकीचा कर भरला, आता वर्षभर विचारू नका. निर्मात्यांना ते माहीत असतं, म्हणून असे सिनेमे यजमानाच्या बाजूनं रचलेले असतात. तिकीट यजमान काढतो.

ऊसतोडीचं उदाहरण घ्या. मुखेड-कंधारकडून, जळकोट-अहमदपूरकडून दिवाळीनंतर टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामभर ती फेडायची. तिथं मोजणीचं माप आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला, एकटी बाई असली, तर तो ‘अर्धा कोयता’. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. एकटेपणावर कवींनी जे काही लिहिलं असेल ते असो. इथं एकट्या माणसाला हिशेबाच्या वहीतच अर्धा धरलाय. उचलही त्याच मापानं, मग लग्न लवकर उरकायची घाई का होते तेही आपोआप कळतं. मागं गावात राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली नातवंडं. पौषातल्या दुपारी अशा गावात जाऊन बघा. कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत, भुंकण्यासारखं कुणी येत-जात नाही. आणि पाचशे किलोमीटरवर फडाशेजारच्या कोप्यांत, त्या गावच्या माणसांत आणि यांच्यात मैत्री होते का? फार थोडी. पाच-सहा महिने दरवर्षी येणारी ही माणसं त्या गावाला ‘टोळीवाले’ असतात. नावं मुकादमाच्या वहीत. सिनेमाला लागणारा तो एकटा, संवेदनशील यजमान उसाच्या फडात येत नाही.

एकटं पडायला दर वेळी लांब जावं लागतं असंही नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. घरं भक्कम, रस्ते रुंद, आखणी चौकोनी. जुनं गाव गल्लीबोळांचं, भिंतीला भिंत लागलेलं. ओट्यावरून हाक मारली की चार घरं ओ द्यायची. नव्या गावात शेजारी हाकेच्या पलीकडं गेला. म्हाताऱ्या बायका मला सांगायच्या, घर चांगलं हाय बाबा, पण वाटीभर साखर मागायला चप्पल घालावी लागती. जुन्या गावापासून नवं गाव पायी जाण्याइतकं जवळ होतं. तरी ते स्थलांतरच होतं. भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या होत्या हे खरं, त्यामुळं त्या आखणीला मी नावं ठेवणार नाही. पण मैत्री आणि शेजार जागेच्या रचनेतून उगवतो, नुसत्या चांगुलपणातून नाही, हे मी तिथं शिकलो.

आणि मैत्री मिळाली तरी ती पुरत नाही. ‘सैराट’ इथं कुठल्याही ‘व्हिजिटर’पेक्षा जास्त कठोर आहे. अर्चीचं सगळं मार्गी लागतं. भाषा येते, नोकरी स्थिरावते, लेकरू होतं, स्वतःचं घर घ्यायचं चाललेलं असतं. सुमनअक्कानं जे देता येईल ते सगळं दिलेलं असतं. तरी अर्चीला आई हवी असते. ती फोन करते, लेकराला आजीशी बोलायला लावते. त्या फोननंतर भाऊ आहेर घेऊन दारात येतो, आणि दोघं मारली जातात. पोरगं शेजारणीबरोबर बाहेर गेलं होतं म्हणून वाचतं. म्हणजे बघा, जिवावर बेतली ती कुठली अक्कलशून्य चूक नव्हती, आईची आठवण होती. परक्यांनी इतका जीव लावूनही माहेरचं एकटेपण गेलं नाही, आणि ते जाणारही नव्हतं. मैत्रीनं मायदेशाची भरपाई होते असं सांगणारे सिनेमे मला म्हणूनच लबाड वाटतात. मैत्री झोपडी देते, काम देते, लेकराला सांभाळते. आडनाव पुसत नाही आणि कायदाही बदलत नाही. तारेकचं जाणं वॉल्टरची मैत्री थांबवू शकली नाही, वॉल्टरनं वकील देऊनही.

तर मग काय, मैत्रीवर विसंबायचं नाही? विसंबायचं, पण तिला योगायोगावर सोडायचं नाही. याचा एक जुना पुरावा नांदेडला गोदावरीकाठी उभा आहे. 1708 साली गुरू गोविंदसिंग इथं आले तेव्हा ते पाहुणेच होते. इथल्याच आश्रमात माधोदास नावाचा बैरागी त्यांना भेटला आणि बंदासिंग बहादूर होऊन पंजाबला निघून गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात गुरूंनी इथं देह ठेवला. पुढं महाराजा रणजितसिंगांच्या काळात गुरुद्वारा बांधला गेला, तिकडची माणसं आली, राहिली, दख्खनी झाली. आज नांदेडच्या बाजारात शीख दुकानदार गिऱ्हाइकाशी जी मराठी बोलतो ती माझ्यापेक्षा अस्सल मराठवाडी असते. उलट्या बाजूनं, नर्सीचे नामदेव त्याच्या कितीतरी आधी पंजाबात जाऊन घुमानला राहिले. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत.

पण मला इथं संतांपेक्षा गुरुद्वाऱ्यातल्या लंगरबद्दल बोलायचंय. लंगरमध्ये पंगतीला बसताना तुम्हाला गाव विचारत नाहीत, घर कुणीकडं तेही विचारत नाहीत. डोकं झाका, बसा, हात पुढं करा. वाढणाऱ्याच्या मनात त्या दिवशी माया असो नसो, पोळी पडतेच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. तिथं परक्याचं येणं अनपेक्षित नाही; रोज तो येणार हे धरूनच कणीक मळलेली असते. सुमनअक्का मनाची मोठी होती म्हणून पोरं वाचली. ती त्या रात्री तिथून गेली नसती तर? लंगरला हा ‘नसती तर’ नाही. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेनं सुमारे बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली तेव्हाही हेच झालं: कुणा एका दयाळू माणसाच्या मर्जीवर न सोडता जागा, शाळा, जेवण आधी ठरवलं. मैत्री मग त्या वसतिगृहात आपोआप झाली असेल.

कुणी म्हणेल, व्यवस्था लावली की ओलावा जातो. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठीच्या सरकारी हंगामी वसतिगृहांकडं बघून असं वाटूही शकतं. माझं म्हणणं असं की ओलावा हा नंतरचा प्रश्न आहे, आधी पंगत लागू दे.

लंगरचीही मर्यादा आहे, ती लपवायला नको. 2020 च्या टाळेबंदीत पंजाबचे सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडात अडकले. महिनाभर त्यांना गुरुद्वाऱ्यानं सांभाळलं. एप्रिलअखेर बसगाड्यांनी ते परत गेले आणि त्यांतल्या अनेकांना लागण झाल्याचं निघालं. मग दोन्हीकडून आरोप सुरू झाले. कुणी नांदेडला बोल लावला, कुणी प्रवासाला. तीनशे वर्षांचा शेजार, आणि भीती वाटल्यावर आठवडाभरात ‘तुमची माणसं, आमची माणसं’ झालं. जेवू घालणारी पंगत होती, पण संशयाच्या काळात कुणी कुणाची बाजू घ्यायची याची पंगत आपण कधी बसवली नव्हती. ती आजही नाही.

मुखेडच्या त्या मुलाचं पुढं काय झालं मला माहीत नाही. मावशीला विचारायचं धाडस झालं नाही. ती अजून डबे देते, रस्त्यात भेटली की ‘बरं हाय का सर’ म्हणते.

वरची खोली या महिन्यात रिकामी झाली. परवा नवी पाटी लावली. तिच्यावर भाडं लिहिलंय, लाइटबिल वेगळं असं लिहिलंय, नळाला पाणी कोणत्या वारी येतं ते लिहिलंय आणि फोन नंबर. बायकोनं विचारलं, ‘बाकीचं काही विचारायचं नाही का?’ मी म्हटलं, कॉलेज कोणतं ते विचारू.